यंत्राचा काटा आणि गुणवत्तेचा गवगवा

हल्ली आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून ‘गुणवत्ता’ या शब्दाचा जेवढा उच्चार होतो, तेवढा दुसऱ्या कोणत्याही शब्दाचा होत असेल असे आम्हांस वाटत नाही. मे-जून महिन्यांत निकाल लागू लागले म्हणजे तर या शब्दास ऊत येतो. चौकाचौकांतील फलकांवर मुलांची छायाचित्रे झळकतात, त्यांखाली दशांशचिन्हापुढे सात-सात आकडे असलेले पर्सेंटाइल छापलेले असतात, आणि पाहणाऱ्याची अशी खात्री होते की, राष्ट्रातील बुद्धीची मोजदाद आता सोनाराच्या गुंजेहूनही बारीक वजनाने होऊ लागली. मोजणारा मनुष्य नसून यंत्र आहे. यंत्रास ना नातेगोते, ना लोभ, ना जातीपातीचा अभिमान. तेव्हा त्याने ज्यास वर चढविले तो खरोखरीच वरचा आणि ज्यास खाली टाकले तो खालचा, असा हा सरळ हिशेब आहे. हा हिशेब आम्हांस मान्य नाही. तो का मान्य नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडणे न्याय्य होईल. तोंडी परीक्षा, देणग्या, ओळखीपाळखी व शिफारसपत्रे यांच्या जोरावर पूर्वी किती अपात्रांची गलबते किनाऱ्यास लागली, हे जुन्या पद्धतीची आठवण असणारांस सांगावयास नको. परीक्षक आडनाव वाचीत असे आणि आडनावावरून पुष्कळ काही ठरवीतही असे. ज्या समाजांच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या ओटीवरदेखील बसू दिले नाही, त्यांना आडनाव न विचारणारा हा मुका न्यायाधीश आपलासा वाटला तर त्यात नवल ते काय? २०१७ साली केंद्र सरकारने नॅशनल टेस्टिंग एजन्सी ही संस्था काढली. २०१९ पासून अभियांत्रिकीची जेईई मेन परीक्षा तिच्या हाती आली. त्याच वर्षी महाराष्ट्राची सीईटीही कागदावरून संगणकावर गेली. आणि २०२१ पासून जेईई मेन मराठीसह तेरा भाषांतून देण्याची सोय झाली. तपासनिसाची लहर आणि हस्ताक्षराची कृपा या दोन्ही गोष्टी या परीक्षांतून नाहीशा झाल्या. हा लाभ खरा आहे, व तो टाकून द्यावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. काटा निःपक्षपाती असणे ही एक गोष्ट, आणि काट्यावर जे घातले जाते त्याची मूळ वाटणी न्यायाची असणे ही दुसरी. बाजार-आवारातील काटा बागायतदाराचे व कोरडवाहू शेतकऱ्याचे धान्य सारख्याच इमानाने जोखतो. परंतु एकाच्या शेतास कालव्याचे पाणी मिळाले आणि दुसऱ्याच्या शेतास मिळाले नाही, हे तो काटा सांगत नाही. ते सांगणे त्याचे कामही नव्हे. अनर्थ होतो तो धान्याच्या वजनावरून शेतकऱ्याची लायकी ठरवू लागल्यावर. आपल्या शिक्षणव्यवस्थेत नेमके हेच चालले आहे. आणि त्यावर कडी ही की, ज्या सरकारकडे कालवा खणण्याचे काम होते, तेच सरकार काटा नवा आणल्याबद्दल शाबासकी मागत आहे.

आता या काट्याचा बारीकपणा तरी कितपत खरा आहे, ते पाहू. जेईई मेन ही परीक्षा एकाच वेळी सर्वांची घेता येत नाही. ती अनेक दिवस, अनेक सत्रांत चालते, आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. पेपर वेगळे तर गुणांची तुलना कशी करणार? म्हणून गुण बाजूला ठेवून पर्सेंटाइल काढतात. म्हणजे आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण किती जणांना पडले, त्याचे शेकडा प्रमाण. मुलास काय येते हे पर्सेंटाइल सांगत नाही. त्याच्या मागे किती जण उभे आहेत एवढेच सांगते. आता समजा, एका सत्रात एक लाख मुले बसली. त्यांतील पहिल्याचे पर्सेंटाइल १००, आणि दुसऱ्याचे ९९.९९९००००. दुसऱ्या सत्रात समजा ऐंशी हजारच बसली. तेथील पहिल्याचेही १००. परंतु तेथील दुसऱ्याचे मात्र ९९.९९८७५००. दोघेही आपापल्या सत्रात दुसरे आले. पण राष्ट्राच्या यादीत एक वर, एक खाली. हा फरक त्यांच्या बुद्धीचा नव्हे, अभ्यासाचा नव्हे. त्या त्या सत्रात किती जण परीक्षेस बसले, त्या डोकेमोजणीचा आहे! एक लाखाच्या सत्रात एक सबंध मूल म्हणजे पर्सेंटाइलचा हजारावा भाग. तेव्हा तिसऱ्या दशांशस्थळानंतरचे आकडे म्हणजे मुलाचा नखाएवढादेखील अंश नव्हे, नुसता भागाकार होय. गणित चुकीचे नाही; पण जे गणित केवळ रांग लावण्याच्या सोयीसाठी केले, त्यास ईश्वरी निवाड्याचे रूप देणे, ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. ज्या घरांतून पत्रिका पाहणे सोडल्याचा अभिमान बाळगला जातो, त्याच घरांतून या सात आकड्यांची पूजा चालावी, हे नवल नव्हे काय?

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेने २०२४ साली तर या पूजेतील देवच उघडा पाडला. ५ मे रोजी झालेल्या त्या परीक्षेस २३ लाखांहून अधिक मुले बसली. सर्व देशात एमबीबीएसच्या जागा त्या वेळी एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे ६७ निघाले. पेपर मिळण्यास उशीर झाला या कारणाने १,५६३ जणांना वाढीव गुण दिलेले होते; ते पुढे काढून घ्यावे लागले. पाटणा व हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले. मात्र सर्वत्र व्यवस्थित फुटल्याचा पुरावा नाही म्हणून परीक्षा रद्द केली नाही. या सगळ्यांपेक्षाही भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाची कथा अधिक बोधप्रद आहे. त्या प्रश्नाचे एक उत्तर पाठ्यपुस्तकाच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे बरोबर ठरत होते, दुसरे नव्या आवृत्तीप्रमाणे. परीक्षासंस्थेने आरंभी दोन्ही उत्तरांस गुण दिले. प्रकरण न्यायालयात गेले, दिल्लीच्या आयआयटीतील तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरविले, आणि चार लाखांहून अधिक मुलांचे मिळालेले चार गुण गेले व वर एक गुण दंड म्हणून कापला गेला. शेवटच्या यादीत ६७ चे १७ उरले. शास्त्राच्या दृष्टीने तज्ज्ञांचा निर्णय योग्यच होता. परंतु नवी आवृत्ती कोणाच्या टेबलावर असते, आणि थोरल्या भावाबहिणीचे किंवा रद्दीच्या दुकानातले जुने पुस्तक कोणाच्या हाती असते, याचा विचार वाचकांनी स्वतःशीच करावा. ज्या रांगेत एकेका गुणावर हजारोंची जागा पालटते, त्या रांगेत पाच गुण पुस्तकाच्या आवृत्तीवर गेले, आणि आपण त्यास गुणवत्ताक्रम म्हणत राहिलो.

यावर कोणी म्हणेल की, हा आपल्याकडील गलथानपणा आहे. शिस्तीच्या देशांत यंत्र नीट चालते. त्यांनी इंग्लंडकडे पाहावे. २०२० साली महामारीमुळे तेथील शालान्त परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांनी आपापल्या विद्यार्थ्यांच्या श्रेणी कळविल्या. परंतु शिक्षक उदार असतात म्हणून परीक्षा-नियंत्रक संस्थेने संगणकाच्या सूत्राने त्या पारखल्या. त्या सूत्रात शाळेच्या मागील वर्षांच्या निकालांस मोठे वजन होते. १३ ऑगस्ट रोजी ए-लेव्हलचा निकाल लागला आणि शिक्षकांनी दिलेल्या सुमारे ३९ टक्के श्रेणी खाली आल्याचे दिसले. पडक्या शाळेतील हुशार मुलास त्याच्या शाळेच्या पूर्वजांनी खाली ओढले. उलट, ज्या विषयास पाच किंवा त्याहून कमी विद्यार्थी, तेथे शिक्षकाचाच शब्द ग्राह्य धरला होता. आणि एवढे लहान वर्ग खाजगी, महागड्या शाळांतूनच अधिक असतात. सूत्राच्या मनात कोणाविषयी आकस नव्हता. कारण सूत्रास मन नसते. मुले रस्त्यावर आली आणि चार दिवसांत, १७ ऑगस्टला, सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. निःपक्षपाती यंत्र जुन्या विषमतेची किती स्वच्छ नक्कल करते, याचे याहून उघड प्रत्यंतर कोठे शोधावे?

आता मूळ शेताकडे वळू. २०२४ च्या ‘असर’ पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पुस्तकातील उतारा वाचू शकणारी मुले ४८.८ टक्के होती. म्हणजे निम्म्याहून अधिक मुलांना तो वाचता आला नाही. केंद्र सरकारच्याच आकडेवारीनुसार २०२३-२४ साली देशातील शाळांपैकी ५३.९ टक्के शाळांतच इंटरनेट पोहोचले होते, आणि एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी होत्या. एकच शिक्षक, त्याच्यासमोर चार-पाच इयत्ता, त्यातच खिचडीचा हिशेब, निवडणुकीचे काम, आणि दररोज कोणत्या ना कोणत्या ॲपवर भरावयाची माहिती. हे सर्व सरकारला ठाऊक आहे. किंबहुना यंत्रामुळे ते पूर्वीपेक्षा फार चांगले ठाऊक आहे. कोणत्या शाळेत किती मुले, किती नळ, किती फळे, याचा तपशील एका कळीवर दिसतो. पण माहिती कळणे म्हणजे शिक्षक मिळणे नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चावे असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला आणि २०१७-१८ साली प्रत्यक्ष खर्च ४.४३ टक्क्यांच्या आसपास होता अशी कबुलीही दिली. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आणि पोहरा सोन्याचा केला, त्याला दशांशचिन्हाच्या खुणा कोरल्या, म्हणून आडास पाणी लागणार आहे काय?

हानी एवढ्यावरच थांबत नाही. ही परीक्षा शाळेच्या शेवटी उभी राहून शाळेलाच खाऊ लागली आहे. केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी-प्रवेशासाठी २०२२ पासून सीयूईटी आली आणि तेथे बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले. वैद्यकाची व अभियांत्रिकीची गत त्याआधीच तशी झाली होती. मग अकरावी-बारावीच्या वर्गात मुलाने बसावे कशाला? महाराष्ट्रात ‘इंटिग्रेटेड’ नावाची युक्ती निघाली: नाव कनिष्ठ महाविद्यालयात, देह शिकवणी वर्गात. सरकारने २०१८ साली त्यावर उपाय म्हणून विज्ञान शाखेच्या वर्गांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. मन जेथे नाही तेथे अंगठा हजर करावा, ही यंत्रयुगाची खास सूचना! दिल्ली व राजस्थानातील २१ शाळांची मान्यता केंद्रीय माध्यमिक मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये याच ‘डमी’ प्रवेशांपायी काढून घेतली. आणि कोटा शहरात, जेथे पंधरा-सोळा वर्षांची मुले खोल्या घेऊन या परीक्षांसाठी राहतात, तेथे आत्महत्या वाढल्या तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये जिल्हा प्रशासनाने वसतिगृहांतील पंख्यांना वजनाने खाली येणाऱ्या स्प्रिंगा बसविण्याचा हुकूम काढला. हुकूम काढणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. एक जीव वाचला तरी तो हुकूम सार्थ. परंतु ज्या शिक्षणव्यवस्थेस आपल्या मुलांच्या डोक्यावरील पंख्याची रचना बदलावी लागते आणि तरी परीक्षेची रचना बदलावीशी वाटत नाही, तिच्याविषयी काय बोलावे?

हे सर्व ज्या शब्दाच्या पांघरुणाखाली चालते, त्या ‘गुणवत्ताशाही’चा इतिहासही वाचकांस ठाऊक असावा. मायकल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली ‘द राइझ ऑफ द मेरिटॉक्रसी’ या पुस्तकाने हा शब्द जगभर रूढ केला. पण ते पुस्तक स्तोत्र नव्हते, उपरोध होता. बुद्धी अधिक श्रम या मापाने माणसे निवडणारे राज्य कसे निष्ठुर होत जाते, वर गेलेल्यांस आपले वैभव सर्वस्वी आपल्या योग्यतेचेच फळ कसे वाटू लागते, आणि खाली राहिलेल्यांचा स्वाभिमानदेखील कसा हिरावला जातो, हे त्याने दाखविले होते. इशाऱ्यासाठी वापरलेला शब्द राज्यकर्त्यांनी स्तुतीचा केला, याबद्दल २००१ साली त्याने जाहीर खेद व्यक्त केला. आमच्याकडे तर त्या खेदाचीही वार्ता पोहोचली नाही. शिकवणी वर्गांच्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी भरून विकत घेतलेली तयारी आणि जन्मजात गुण यांतील भेद विसरण्यात ज्या वर्गाचा फायदा आहे, त्या वर्गास तो भेद आठवून देणे, हे मासिकाच्या पानांतून करावयाचे काम आहे असे आम्ही समजतो. कारण ही पाने वाचणारा वर्ग तोच आहे.

महाराष्ट्रास हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती की, सरकारचा महसूल कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणास होतो. आधी प्राथमिक शिक्षण खेड्यापाड्यांत न्या. गोखल्यांनी १९११ साली प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या संस्थानात सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. या तिघांची मते पुष्कळ बाबतींत भिन्न होती. परंतु निवड करण्याआधी शिकवावे लागते, या एका गोष्टीविषयी त्यांच्यात दुमत नव्हते. आपण त्यांच्या तसबिरींस हार घालतो आणि क्रम मात्र उलटा लावतो.

एक मजेची गोष्ट अशी की, खरा प्रामाणिकपणा कसा असतो, हे तेच यंत्र दुसरीकडे दाखवीत आहे. शिक्षणहक्क कायद्यान्वये खाजगी शाळांतील प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी असतात, आणि अर्ज अधिक आले तर संगणक सोडत काढतो. त्या सोडतीत ज्याचे नाव निघाले त्यास कोणी प्रज्ञावंत म्हणत नाही, ज्याचे निघाले नाही त्यास कोणी मंद म्हणत नाही. जागा थोड्या, हक्कदार पुष्कळ, म्हणून दैवावर सोडले, असे ते यंत्र उघड सांगते. उलट सातव्या दशांशस्थळी जी सोडत निघते ती गुणवत्तेचा अंगरखा घालून मिरवते. आणि या पहिल्या, सरळ सोडतीचे आपण काय केले? ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांस या बंधनातून मोकळे केले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून त्या मुलांची वाट पुन्हा उघडली. गरिबाचे मूल आपल्या मुलाच्या बाकावर बसण्याचा प्रश्न आला की गुणवत्तेचे उपासक कोठे असतात, हे त्या पाच महिन्यांत पाहावयास मिळाले. मोर्चे निघाले ते पर्सेंटाइलसाठी. या बाकासाठी न्यायालयात जावे लागले ते मूठभर पालकांना व कार्यकर्त्यांना.

मग करावे काय? यंत्र मोडावे असे सांगणारे आम्ही नव्हे. आमच्या सूचना थोड्या व साध्या आहेत. पहिली, प्रवेशपरीक्षा राहू द्यावी. पण तिच्याबरोबर शाळेतील दोन-तीन वर्षांच्या कामगिरीस ठळक वजन द्यावे, आणि मुलाची तुलना त्याच्याच शाळेतील, त्याच परिस्थितीतील मुलांशी आधी करावी. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशांत ७.५ टक्के जागा राखल्या. ही दिशा चुकीची नाही. दुसरी, परीक्षेने मुलास किती येते हे ठरवावे, तो देशात कितवा हे नव्हे. पुरेशा पात्रतेची रेषा आखावी, आणि रेषेवरील अत्यल्प फरकांस निर्णयाचा मान देऊ नये. तेथे जागा अपुऱ्या पडल्या तर उघड सोडत बरी. ती हरलेल्याचा अपमान तरी करीत नाही. तिसरी, यंत्राच्या निर्णयावर दाद मागावयास तालुक्याच्या ठिकाणी एक चालताबोलता मनुष्य असावा; प्रत्येक मुलाला दिल्लीपर्यंत वकील देता येत नाही. आणि चौथी, जी खरे पाहता पहिली आहे: नव्या परीक्षायंत्रणेवर पुढचा रुपया खर्च करण्याआधी एकशिक्षकी शाळेस दुसरा शिक्षक द्यावा.

या सूचनांनी आपल्या वर्गाचे नुकसान होईल, हे आम्ही लपवीत नाही. क्लासला मोजलेले लाख-दोन लाख पूर्वीइतके फळ देणार नाहीत. शेजारच्या बाकावर अनोळखी आडनावाची मुले अधिक दिसतील. आपल्या मुलास एखादी जागा कमी मिळेल. परंतु ज्या राष्ट्रात पाचवीचे निम्म्याहून अधिक मूल धड वाचू शकत नाही, तेथे आपल्या मुलाचा क्रमांक हा केवळ त्याच्या बुद्धीचा दाखला नसून इतरांना धावावयास न मिळाल्याचाही दाखला आहे. तो दाखला चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावावा की पुसून टाकावा, याचा निर्णय यंत्र करणार नाही. तो ज्यांच्या घरी ते दाखले आहेत त्यांनीच करावयाचा आहे.